क्रँक ग्राइंड करायचा की बदलायचा? आधी मोजा

इंजिन खोलून सुटे भाग बाकावर मांडले की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, क्रँक ग्राइंड करू की दुसरा टाकू?" बहुतेक वेळा उत्तर खिशाकडे बघून दिलं जातं. ग्राइंडिंग स्वस्त, म्हणून ग्राइंडिंग. आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनकामात याच प्रश्नाने चांगलाच चटका दिला. तो दुसऱ्या कुणाला बसू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि त्याचा क्रँक फिरतो अवघ्या तीन मेन बेअरिंगांवर. आजच्या चार सिलिंडरच्या गाड्यांत सहसा पाच असतात. त्यात गाडीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, त्यामुळे नवा क्रँक कुणाच्या तरी जुन्या साठ्यातूनच मिळवावा लागतो. अशा गाडीचा मालक ग्राइंडिंगकडे झुकतो, यात नवल नाही.

आमच्या गाडीत इंजिन तापलं की आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायचा आणि चढावर खालून ठोका ऐकू यायचा. इंजिन उतरवलं, तर बिगएन्डच्या बेअरिंग शेलांचा राखाडी थर जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडलेला. शेलच्या पाठीवर '०२०' छापलेलं, म्हणजे क्रँक आधीच ट्वेंटी अंडरसाइजला ग्राइंड झालेला. तिसऱ्या क्रँकपिनवर नख आडवं फिरवलं की चरे अडत होते. गॅरेजवाल्याने "थर्टी करून घेऊ" म्हणत क्रँक ग्राइंडिंगला पाठवला.

परत आला तेव्हा क्रँक आरशासारखा चकाकत होता. इंजिन बांधलं, गाडी छान पळू लागली आणि थोड्याच आठवड्यांत ठोका पुन्हा सुरू झाला. या वेळी क्रँक भोसरीतल्या एका जुन्याजाणत्या कारागिराकडे नेला. त्यांनी ऑइलच्या भोकात तार घालून फिरवली. बाहेर आला राखाडी, खरखरीत लगदा. ग्राइंडिंगची भुकटी धुऊन न काढताच क्रँक परत दिला गेला होता आणि तीच भुकटी ऑइलबरोबर नव्या शेलांत शिरली होती. मग त्यांनी भिंगाखाली पिनचा कोपरा दाखवला. पिन बाजूच्या वेबला जिथे मिळते तिथे गोलाई हवी. ती कापून तिथे काटकोन केलेला होता. क्रँकला चुंबकत्व देऊन वर लोहभुकटी सोडली, तशी त्याच कोपऱ्यात एक बारीक रेघ उमटली. तडा! "आता फॉर्टी करून काही उपयोग नाही. हा कधीतरी मोडणार," ते म्हणाले. शेवटी जुन्या साठ्यातला स्टँडर्ड क्रँक शोधून आणावा लागला. इंजिनकामाचा खर्च दोनदा झाला.

त्या कारागिरांकडून जे शिकलो ते असं. निर्णय मायक्रोमीटरवर घ्यायचा. प्रत्येक मेन जर्नल आणि प्रत्येक पिन दोन्ही टोकांना आणि आडव्या-उभ्या दिशेने मोजायची. त्यावरून ती किती लंबगोल झाली आहे आणि एका बाजूला किती निमुळती झाली आहे ते कळतं. झीज गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल, चरे नसतील, तर नुसतं पॉलिश आणि त्याच साइजचे नवे शेल पुरतात. उगाच धातू काढू नका.

झीज मर्यादेबाहेर असेल, तर ग्राइंडिंगच्या आधी शेल हातात घ्या. पद्मिनीसारख्या गाड्यांत टेन, ट्वेंटी, थर्टी, फॉर्टी अशा पायऱ्या असतात. एक पायरी म्हणजे दहा थाऊ (इंचाचे हजारांश), ०.२५४ मिलिमीटर. पुढच्या साइजचे चांगले शेल बाजारात नसतील, तर तो क्रँक ग्राइंड करण्यात अर्थ नाही. नव्या गाड्यांत आणखी सावध राहा. काही इंजिनांना अंडरसाइज शेल येतच नाहीत. काही क्रँकवरचा कठीण थर इतका पातळ असतो की ग्राइंडिंगमध्ये तोच निघून जातो आणि खालचा मऊ धातू लवकर झिजतो. कंपनीने मनाई केली असेल, तर विषय तिथेच संपतो.

ग्राइंडिंगच्या चाकाला लावण्याआधी तड्याची तपासणी करून घ्या आणि व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने क्रँक वाकलाय का ते बघा. तडा असेल, शेवटची साइज ओलांडली जात असेल किंवा कुणी "वेल्डिंगने भरून देतो" म्हणत असेल, तर क्रँक बदला. गाडीच्या इंजिनात असा वेल्डिंगने भरलेला क्रँक घालण्याचा धोका पत्करू नये.

ग्राइंडिंगला देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कोपऱ्यातली गोलाई मूळ मापाची ठेवा, ऑइलच्या भोकांच्या कडा मोडून त्यांना पॉलिश करा आणि सगळे ऑइलमार्ग ब्रशने धुऊन हवेने साफ करा. क्रँक परत आला की स्वतः तार घालून बघा.

क्रँक का गेला, हेही शोधा. ऑइल पंप झिजलेला असेल, गाळणी तुंबली असेल किंवा शेल फिरल्याने कनेक्टिंग रॉडचं भोक लंबगोल झालं असेल, तर कोरा करकरीत क्रँकही त्याच वाटेने जातो. ब्लॉकमधले ऑइलमार्ग धुतल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. बांधताना प्लास्टिगेजने शेलमधली फट तपासा. ढोबळ हिशेब असा, की जर्नलच्या व्यासाच्या दर इंचामागे एक थाऊ. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा आणि ऑइलचा दिवा विझल्यावरच ते चालू करा.

नवा क्रँक घेतला तरी तो मोजाच. जुन्या साठ्यातला असेल तर गंज आणि वाक बघा.

चांगल्या हाताने केलेलं ग्राइंडिंग वर्षानुवर्षं टिकतं, त्याला घाबरायचं कारण नाही. फक्त कामाआधीची आणि कामानंतरची मापं जर्नलवार कागदावर लिहून मागा. ज्याला हा कागद देणं जड जातं, त्याच्या दुकानात आपला क्रँक ठेवू नका.