धोक्याच्या घंटेचे नियम

इमारतीतील पंखा बंद पडला, तर ते कोणाच्याही तत्काळ ध्यानात येते. धोक्याच्या घंटेचे तसे नाही. ती सज्ज असो वा नादुरुस्त असो, दोन्ही अवस्थांत ती मूकच असते. आणि तिचा बिघाड उघडकीस येतो तो प्रत्यक्ष आग लागल्यावर. आगीची किंवा चोरीची वर्दी ज्या नियंत्रक फलकावर येते, त्यासंबंधी निरनिराळ्या देशांनी केलेल्या नियमांचे मूळ या एका अडचणीत आहे. घंटा वाजली पाहिजे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. आपण वाजू शकणार नाही, हेही फलकाने आपण होऊन सांगितले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो.

हे साधण्याची जुनी युक्ती मोठी साधी आहे. फलकापासून निघालेल्या दोन तारा एकेका धूरशोधकाला जोडीत मजल्याच्या टोकापर्यंत जातात, आणि तेथे त्या दोहोंमध्ये एक लहानसा रेझिस्टर बसविलेला असतो. त्यामुळे शांततेच्या वेळीही तारांतून थोडा विद्युत्प्रवाह वाहत राहतो. शोधकाला धूर लागला की प्रवाह वाढतो, व फलक त्यास आग समजतो. तार तुटली की प्रवाह थांबतो, व फलक त्यास बिघाड समजतो. काही कारागीर हा रेझिस्टर टोकाला न लावता सोयीसाठी फलकाच्या पेटीतच बसवितात. मग हिरवा दिवा लागतो, कागदोपत्री सारे ठीक दिसते, आणि पुढची सारी तार पहाऱ्यावाचून राहते!

असा बिघाड युरोपीय मानक ५४, भाग २ प्रमाणे १०० सेकंदांत, तर अमेरिकेच्या ७२ क्रमांकाच्या संहितेप्रमाणे २०० सेकंदांत फलकावर उमटावा लागतो. वीज गेल्यास बॅटरीने २४ तास पहारा करून त्यानंतरही ५ मिनिटे घंटा वाजवावी, अशीही त्या संहितेची सर्वसाधारण अट आहे. एकच फलक आग आणि चोरी या दोन्हींसाठी असेल, तर आगीच्या सूचनेला अग्रमान द्यावा लागतो, आणि चोरीच्या यंत्रणेतील दोषाने आगीची यंत्रणा अडता कामा नये.

परंतु फलक नियमांत बसला, तरी त्यापुढे बसलेला मनुष्य नियमांत बसेलच असे नाही. ४ मे १९८८ च्या रात्री लॉस अँजेलिस येथील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत १२ व्या मजल्यावर आग लागली. शोधकांनी वर्दी दिली. रखवालदारांनी ती खोटी समजून फलक पुनःपुन्हा पूर्वस्थितीवर आणला. चौकशीसाठी उद्वाहनाने वर गेलेला एक कर्मचारी मरण पावला. अग्निशमन दलाला पहिली खबर मिळाली ती इमारतीबाहेरील लोकांकडून. युरोपीय मानकात घंटा थांबविण्याचा अधिकार किल्ली किंवा संकेतांक असणाऱ्यासच दिला आहे, आणि घंटा थांबविल्यावर दुसऱ्या विभागातून वर्दी आल्यास ती आपोआप पुन्हा वाजावी, अशी योजना फलकात करता आली पाहिजे, असे म्हटले आहे.

भारतात याविषयी भारतीय मानक ब्यूरोची २१८९ क्रमांकाची आचारसंहिता असून तिची चौथी सुधारित आवृत्ती २००८ सालची आहे. निवड व उभारणी यांबरोबर देखभालीचाही तिच्यात समावेश आहे. प्रमाणपत्र फलकाला कारखान्यातच मिळते. इमारतीतील तारांची परीक्षा मात्र जागेवरच करावी लागते. त्यासाठी जाणता निरीक्षक फलकाकडे न जाता प्रथम मजल्याच्या टोकाशी जातो, शेवटच्या शोधकापलीकडची तार सोडवितो, आणि हातातील घड्याळाकडे पाहतो.