दोनशे किलोमीटरांची तयारी

मुलामुलींनो, तुमच्यापैकी पुष्कळांना सायकल चालवता येते. पण सायकलवरून तुम्ही किती लांब गेला आहात? शाळेपर्यंत? बाजारापर्यंत? फार तर शेजारच्या गावापर्यंत?

काही माणसे एका दिवसात दोनशे किलोमीटर जातात. अशा सफरीला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच आहे. ही शर्यत नव्हे. येथे पहिला, दुसरा असे क्रमांक नसतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, एवढीच अट असते. जेवण, विश्रांती, पंक्चर, सारे काही त्याच वेळात. आता गणित करून पाहा. ताशी वेग किती आला? पंधरा किलोमीटरसुद्धा नाही!

हा हिशेब पाहूनच मला धीर आला आणि मी नाव नोंदवले. सातवीनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. “आता तू मोठी झालीस,” असे अम्मी म्हणाली होती आणि माझी सायकल धाकट्या भावाकडे गेली होती. मुलींनो, तुम्हांला हे अधिक समजावून सांगायला नको.

मी वर्सोव्याला राहत होते. तयारीसाठी चार महिने हातात होते. वर्सोव्याच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे मढला फेरीबोट जाते. रस्त्याने मढला जायचे तर मालाडवरून सुमारे २२ किलोमीटरांचा वळसा पडतो. बोटीने मात्र काही मिनिटांतच पलीकडे! बोटीत सायकलही नेता येते. मासळीच्या टोपल्या, दुधाचे कॅन, कामावर निघालेली माणसे आणि मधेच माझी सायकल. “बाई, रोज कुठं जाता?” असे एका कोळीणमावशीने विचारले. “कुठंच नाही, जाऊन परत येते,” असे मी म्हटल्यावर ती खूप हसली.

मढहून एरंगळ, अक्सा आणि मार्वे. रस्ता अरुंद, पण सकाळी रहदारी कमी. पहिल्या आठवड्यात वीस किलोमीटर झाले, की मांड्या भरून येत. मग एका जाणकाराने बैठक वर करून दिली. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. बैठक खाली असली, की गुडघे दुखतात. तुमच्या सायकलची उंची आजच तपासा. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तहान लागण्याआधीच पाणी प्यावे. चढावर जोर लावू नये, हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवावेत. समुद्राकाठी चौथी गोष्टही शिकावी लागते. खाऱ्या हवेने साखळी गंजते. ती कोरड्या फडक्याने पुसून थेंब थेंब तेल द्यावे लागते. हे काम मला कंटाळवाणे वाटेल असे वाटले होते. पण तेच मला सर्वांत आवडू लागले.

आधी मी सारखी किलोमीटर मोजत असे. आज वीस, उद्या पंचवीस. दुसऱ्या महिन्यात केव्हातरी मोजणे सुटले. बांबूंवर सुकत घातलेले बोंबील, अक्साच्या बाजूने येणारा वारा, उतारावर आपोआप फिरणारी चाके, यांसाठीच मी पहाटे उठू लागले. परीक्षेसाठी पुस्तक उघडावे आणि परीक्षाच विसरून वाचत बसावे, तसे झाले. दोनशे किलोमीटर मी बारा तास पन्नास मिनिटांत पूर्ण केले. त्या दिवसाचे मला ऊन तेवढे आठवते. मढचा रस्ता मात्र वळणावळणाने आठवतो.

आता अम्मीच विचारते, “आज गेली नाहीस?”

दोनशे किलोमीटर म्हणजे फार, असे समजू नका बरे! नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडली. सुमारे ४,८०० किलोमीटर, आळीपाळीने सायकल चालवून, नऊ दिवसांच्या आत! पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा ती विशीत होती. कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटले. तरी ती पुढे निघाली.

आणि आपली मुंबई? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी येथून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. ते मुंबईतल्या एका व्यायाम क्लबाचे सभासद होते. तेथे ते वजने उचलत. तेव्हा कितीतरी ठिकाणी रस्तेही नव्हते. इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास करीत त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले. सहांपैकी तिघांनीच फेरी पूर्ण केली. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा ही त्यांची नावे. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. घर सोडून त्यांना चार वर्षे पाच महिने झाले होते.