गालिच्याची पाठ

मुलांनो, गालिचा घेताना तो उलटून पाहावा. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूर भागात एकेक गाठ मारून गालिचे विणतात. लहान बोटांनी गाठ बारीक बसते, या सबबीवर तेथे कित्येक मुले मागावर बसविली गेली; काही तर आईबापांच्या कर्जापायी. खरे कारण निराळेच होते. मुलांना मजुरी थोडी द्यावी लागे! १९९४ साली कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ ही खुणेची चिठ्ठी निघाली. २००९ पासून तिचे नाव ‘गुडवीव्ह’. बालमजुरांवाचून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवरच ती लावतात. पण चिठ्ठीही नकली छापता येते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर निराळा क्रमांक असतो. त्यावरून गालिच्याचा माग शोधता येतो, आणि तपासनीस तेथे आगाऊ न कळविता जातात. बनावट क्रमांक मात्र कोणत्याच मागापाशी पोचत नाही.