रिकामे जाळे धुताना

शास्त्रपाठ : लूक 5:1-11



मावळातील एका कातकरी कुटुंबाच्या जातीच्या दाखल्यासाठी मी पाचव्यांदा खेप घातली आणि रिकाम्या हाताने परतलो. प्रार्थनाही सुचेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पवना धरणाच्या काठी गेलो. वस्तीतले काका रात्रभर मासे धरत होते. एकही मिळाला नव्हता. तरी ते शांतपणे जाळे धूत बसले होते.

“आता कशाला धुता, काका?”

“उद्या टाकायचंय ना, दादा!”

गालील सरोवराकाठी प्रभू आला, तेव्हा रात्रभर कष्टून काहीच न मिळालेले कोळीही जाळीच धूत होते. तीच जाळी प्रभूने खोल पाण्यात टाकायला सांगितली. रिकाम्या रात्रीनंतरही जाळे धुऊन ठेवणे, हाच विश्वास.

तिकोन्यावर ऊन आले. मन निवले. कागद नीट लावून मी सहाव्या खेपेला निघालो. या कुटुंबासाठी आपणही प्रार्थना करावी.