घर पांढरीवर, पीक काळीत

जैनदकडच्या आमच्या वडिलोपार्जित शेताला पैनगंगा खेटून वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. निवृत्तीनंतर तिथे ऐसपैस बंगला बांधायचं ठरलं. वास्तुविशारदाने नकाशावर ‘निसर्गाशी एकरूप’ असं लिहिलं होतं, मीही भुललो. नदी दिसावी म्हणून काठावरच्या करंजी नि बाभळी तोडल्या आणि नदीकडे, म्हणजे आमच्या वळणावर पश्चिमेला, वीस फुटी काच लावली.

आदिलाबादचा मे! पारा पंचेचाळिशीला टेकला की त्या दिवाणखान्यात पापड भाजून निघावेत. तेही सोसलं असतं. पण पाया खणताना शेजारचे काका म्हणाले होते, “काळीत घर नसतं रे बांधत. गाव पांढरीवर का बसलं, बघ की.” मी हसण्यावारी नेलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दुसऱ्याच वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या.

मग जुलै २०२३. डोलाऱ्याजवळ पैनगंगेच्या पुराने नागपूर-हैदराबाद महामार्गावरची वाहतूक थांबली. आम्ही काचेतून नदीवर डोळे लावून बसलो आणि पाणी आलं स्वयंपाकघराच्या दाराने! मागच्या वागूचं. (नाल्याला इकडे वागूच म्हणतात.) नदी तुडुंब भरली की वागूचं पाणी ती घेत नाही, फुगवटा मागे शेतात पसरतो.

म्हणून नकाशाआधी एक पावसाळा जागा नुसती बघा, आणि नदीपेक्षा नाल्याकडे जास्त. झाडांच्या फांद्यांत अडकलेला गाळकचरा किती उंचीवर आहे, ते मोजा. महाराष्ट्रात असाल तर पूररेषा विचारा: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. काठाची झाडं राखा. त्यांच्या मुळांनीच दरड धरलेली असते. पश्चिमेला काच नको, खोल पडवी द्या. काळीतच बांधणं भाग असेल तर रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवलेले, तळाशी फुगा असलेले खांब साडेतीन मीटर तरी खाली न्या. खर्च वाढतो, पण भेगा बुजवत बसण्यापेक्षा परवडतो.

आम्ही आता गावातल्या जुन्या घरी राहतो. काचेच्या दिवाणखान्यात यंदा कापूस भरलाय.