रक्तातील साक्षीदार

लहान मुलालाही कर्करोग होतो, हे पोलोग्राउंडच्या आपल्या वस्तीत अजून पुष्कळांना खरे वाटत नाही. पण त्याहून अवघड प्रश्न पुढेच येतो. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, मूल अंगणात खेळू लागले. आता रोग खरोखर गेला, हे ओळखावे कसे? काही रोगांत याचे उत्तर रक्त देते.

हेपॅटोब्लास्टोमा हा यकृताचा कर्करोग बहुधा तीन वर्षांच्या आतील मुलांना होतो. गर्भातील बाळाचे यकृत अल्फाफीटोप्रोटीन, म्हणजेच ए.एफ.पी., नावाचे प्रथिन तयार करते. जन्मानंतर ते उतरत जाऊन साधारण वर्षभरात अगदी अल्प उरते. रोगट पेशी मात्र हे सुटलेले काम पुन्हा हाती घेतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ अबेलेव्ह यांनी १९६३ साली यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांत हे प्रथिन दाखविले. १९६४ साली तातारिनोव्ह यांना ते रुग्णांच्या रक्तात आढळले.

गाठ पूर्ण निघाली, तर हे प्रमाण सुमारे पाच ते सात दिवसांत निम्मे होत जाते. समजा, आकडा ८०,००० आहे व सहा दिवसांनी निम्मा होतो. तर चोवीस दिवसांनी तो ५,००० वर यावा. उतरण मध्येच थांबली, किंवा आकडा लागोपाठ चढू लागला, तर वैद्य सावध होतात. पोटात गाठ हाताला लागण्यापूर्वीच ही सूचना मिळू शकते.

तरी एका आकड्याने घाबरू नये. तान्ह्या बाळात हे प्रमाण मुळातच अधिक असते; शस्त्रक्रियेनंतर नवे यकृत वाढतानाही ते थोडे चढते. काही थोड्या मुलांत रोग असूनही ते वाढत नाही. म्हणून वय, सोनोग्राफी आणि मागील सर्व आकडे एकत्र पाहूनच निर्णय होतो. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी व कागद जपून ठेवावेत.

आमची खरी काळजी निराळीच आहे. मूल धट्टेकट्टे दिसते, दिवसाची मजुरी बुडते, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची खेप परवडत नाही, म्हणून तपासणी टळते. रक्ताचा नमुना इंदुरातही देता येतो. वैद्यांना विचारून तसे करावे. शेजारच्या घरी असे मूल असेल, तर आपण त्या मातापित्यांना पुढची तारीख आठवून द्यावी आणि गरज पडल्यास सोबत जावे. एवढी सेवा आपणा सर्वांच्या हातची आहे.