आव्हानात्मक वर्तन : वर्तनचिकित्सेचा लाभ कशाने टिकतो?

बौद्धिक अक्षमता वा स्वमग्नता असलेली व्यक्ती वारंवार डोके आपटते, चावते, इतरांना मारते, तेव्हा त्यास आव्हानात्मक वर्तन म्हणतात. वर्तनचिकित्सेने ते काही आठवड्यांत कमी होऊ शकते. वैद्यापुढील खरा प्रश्न हा की, हा लाभ वर्षभरानंतर टिकतो काय?

कॅलिफोर्नियातील लोव्हास व सहकाऱ्यांनी १९७३ साली २० स्वमग्न बालकांचा चिकित्सोत्तर आढावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या मातापित्यांना पद्धती शिकविली होती, त्यांची प्रगती टिकली. संस्थेत परत गेलेल्यांनी मिळविलेले गमावले. त्या काळी शिक्षेचाही वापर होई. तो भाग आज त्याज्यच होय.

पुढे आयवाटा यांनी १९८२ मध्ये वर्तनाचा हेतू तपासण्याची पद्धत मांडली. लक्ष वेधणे, नको असलेले काम टाळणे, इंद्रियसुख मिळविणे हे प्रमुख हेतू होत. कार व ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखविले की, तोच हेतू साधणारे योग्य शब्द शिकविल्यास अयोग्य वर्तन घटते. आपल्या निदानपरिवर्जनाशी व सत्त्वावजयाशी हा विचार जुळणारा आहे.

मात्र ब्रिटनमध्ये २४६ प्रौढांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊनही १२ महिन्यांनंतर नेहमीच्या सेवेहून अधिक लाभ आढळला नाही. म्हणजेच केवळ प्रशिक्षण पुरेसे नाही. शिकलेले रोजच्या व्यवहारात उतरते की नाही, हे पाहिले पाहिजे.

व्यवहारात पुढील क्रम ठेवावा.

१. दंतशूल, कर्णशूल, मलावष्टंभ व निद्रानाश प्रथम तपासावेत. बोलता न येणाऱ्याची वेदना वर्तनातूनच प्रकट होते.

२. वर्तनापूर्वी काय घडले व नंतर काय मिळाले, याची नोंद कुटुंबीयांकडून ठेववावी.

३. घरी व शाळेत सर्वांनी एकच रीत पाळावी. हट्ट पुरविणे थांबविताच वर्तन काही काळ वाढू शकते, हे आधीच सांगावे. अशा वेळी मधूनच नमते घेतल्यास ते अधिक दृढ होते. स्वतःस इजा होत असल्यास तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा उपाय करू नये.

४. तीन, सहा व बारा महिन्यांनी पुनःपरीक्षण करावे.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. २००८ च्या एका चाचणीत ८६ आक्रमक प्रौढांमध्ये हॅलोपेरिडॉल वा रिस्पेरिडोन हे निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. जुन्या चिठ्ठीवर अशी औषधे पुनःपुन्हा देऊ नयेत. तसेच ती एकाएकी बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. रुग्णास मूळ चिकित्सकाकडे पाठवावे.

चिकित्सा वैद्य आरंभितो. ती टिकविणे रुग्णाच्या सभोवतालच्या माणसांच्या हाती असते. म्हणून त्यांस शिकविणे हा चिकित्सेचाच भाग समजावा.